जुनी गाडी, मुके जीव आणि दानाची शुद्धी

कठोपनिषदाचा आरंभ एका दानाने होतो. वाजश्रवसाने सर्वस्व अर्पण करण्याचा यज्ञ केला. पण दक्षिणेत ज्या गाई दिल्या, त्या थकलेल्या आणि दूध आटलेल्या होत्या. लहानग्या नचिकेताने ते पाहिले. या दानाने घेणाऱ्याच्या दारात फक्त भार जाऊन पडणार, हे त्याला कळले. म्हणून मला कोणाला देणार, असे तो वडिलांना पुन्हा पुन्हा विचारू लागला. अडगळ बाहेर काढणे वेगळे आणि दान वेगळे, हे त्या बालकाने ओळखले होते.

आज हा भेद आठवण्याचे कारण म्हणजे दारात उभी असलेली जुनी गाडी. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी बैयप्पनहळ्ळी ते के. आर. पुरम हा मेट्रोचा राहिलेला टप्पा सुरू झाला आणि बंगळुरूच्या या भागात अनेकांना गाडीवाचून कामावर जाता येऊ लागले. वापरात नसलेली गाडी मुक्या प्राण्यांच्या सेवेसाठी द्यावी, असा विचार काही साधकांच्या मनात येतो. हा विचार शुभ आहे. तो पूर्णत्वाला मात्र नेला पाहिजे.

गाडीचे ऋण

चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत जीव मरतात. त्यांना पंचसूना म्हणतात. त्या दोषाच्या निवारणासाठी पंचमहायज्ञ सांगितले आणि त्यांत भूतयज्ञ आला. गोग्रास, काकबली ही त्याचीच रूपे. आज जाते आणि उखळ घरातून गेले, आणि दारात गाडी आली. जुन्या मद्रास रस्त्यावर किंवा बाह्य वळण रस्त्यावर वर्षानुवर्षे धावताना तिच्या चाकाखाली किती जीव आले असतील, याचा हिशेब कोणाजवळ आहे? गाडी ही आपली सहावी सूना आहे. म्हणून तिचे मोल प्राण्यांसाठी अर्पण करणे हा उपकार नव्हे, ती ऋणफेड आहे.

घेणाऱ्याच्या बाजूने पाहावे

अमेरिकेत कित्येक संस्था जुनी गाडी स्वीकारतात, ती लिलावात विकतात आणि आलेली रक्कम सेवेत लावतात. आपल्याकडे अशी सोय रुळलेली नाही. बंगळुरूत १९९१ पासून कार्य करणाऱ्या 'क्यूपा'सारख्या संस्थांना औषधे, खाद्य आणि शस्त्रक्रिया यांचा खर्च रोजचा असतो. त्यांच्या दारात नादुरुस्त गाडी सोडली, तर विमा, दुरुस्ती आणि जागा यांचा बोजा त्यांच्यावर पडेल. म्हणून संस्थेने स्वतः गाडी मागितली नसेल, तर ती आपणच विकावी आणि पूर्ण रक्कम बँकेमार्फत द्यावी. प्राप्तिकराची सवलतही पैशाच्या देणगीलाच लागू होते, वस्तूला नाही.

गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० भरावेत. हस्तांतरणाची सूचना राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला देणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. के. आर. पुरमच्या केए-५३ क्रमांकाची गाडी दुसऱ्याच्या हाती गेली, पण नोंदीत नाव आपलेच राहिले, तर उद्याच्या अपघाताची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे चालवायची तर तपासणी आणि नूतनीकरण लागते. गाडी त्या योग्यतेची नसेल, तर ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यावी आणि तिथून प्रमाणपत्र घ्यावे.

नाव सोडणे

ही कागदपत्रे म्हणजे साधनाच आहे. गाडी देणे सोपे. 'माझी गाडी' हा भाव सुटणे कठीण. नाथमहाराजांनी रामेश्वराला अर्पण करण्यासाठी आणलेले गंगाजल तहानलेल्या गाढवाच्या मुखात घातले. ते उरलेले पाणी नव्हते. जवळ होते त्यातले सर्वोत्तम होते. आपली गाडी तर आपल्याला नकोशी झालेली वस्तू आहे. तेव्हा तिच्या किमतीत आपले काहीतरी हवेसे मिसळावे: महिन्याच्या पेट्रोलचे पैसे दर महिन्याला त्याच सेवेला द्यावेत, रविवारचे दोन तास आश्रयगृहात झाडलोट करावी.

मुका जीव आभार मानत नाही, पावती देत नाही, आपले नाव कोणाला सांगत नाही. म्हणून त्याला दिलेले दान निष्काम होणे सर्वांत सोपे. आणि ज्यांच्याकडे गाडी अजून वापरात आहे, त्यांच्यासाठी भूतयज्ञ उद्या सकाळीच आहे: किल्ली फिरवण्याआधी वाकून चाकांखाली पाहावे, बॉनेटवर हलकेच थाप मारावी. आत ऊब घेत कोणी निजले असेल, तर त्याला उठून जाऊ द्यावे.