आस सरेपर्यंत

डोळे मिटा. मांडीवर स्प्रूसच्या फळीची साधी लाकडी गिटार आहे. सर्वांत जाड तार अंगठ्याने एकदाच छेडा आणि थांबा. पहिला टणत्कार जाऊ द्या, लक्ष मागे उरलेल्या सुरावर ठेवा. तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते आहे आणि त्या खर्जावर कितीतरी वरचे स्वर तरंगताहेत. लाकूड त्यातले उंच स्वर आधी पिऊन टाकतं. म्हणून सूर मावळताना गोल, सावळा होत जातो. यालाच आपण ऊब म्हणतो. घाई नको, पुरता विझू द्या.

आता कार्बन फायबरची गिटार घ्या. आधी नुसता हात फिरवा. धाग्यांची वीण डोळ्यांना दिसते, बोटांना लागत नाही. लागतो तो गारवा. लाकडाच्या रेषांची सवय झालेला तळवा क्षणभर गोंधळतो, गोंधळू द्या.

तीच तार, तेवढ्याच जोराने. टणत्कार स्वच्छ आहे. नंतरची आस ऐका: वरचे स्वर लवकर गळत नाहीत, सूर लहान होतो पण सावळा होत नाही. स्प्रूस रेषांच्या दिशेने ताठ आणि आडवा बराच लवचिक असतो, म्हणून कारागीर फळीखाली आधारपट्ट्या चिकटवतो. कार्बनमध्ये धागे कुठल्या दिशेने अंथरायचे हे माणूसच ठरवतो. रेनसाँगच्या बऱ्याच गिटारींत वरच्या फळीला पट्ट्याच नसतात. ही कंपनी उभी राहिली हवाईच्या माउई बेटावर, जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञाच्या कल्पनेतून. दमट हवा आणि कडक ऊन लाकडाला मानवत नाही, हे तिथे रोजच दिसतं. त्याआधी १९७६ मध्ये ओव्हेशन या गिटार कंपनीने ‘अडामास’ गिटारीच्या फळीत कार्बनच्या थरांमध्ये बर्चचा पातळ पापुद्रा घातला होता, म्हणजे लाकूड पुरतं सुटलं नव्हतं.

एक श्वास घ्या. लाकडी गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि कोकणातला श्रावण तिचं ऐकत नाही. फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात, बोटं दुखतात. कार्बनला यातलं काही होत नाही. तारा मात्र पोलादाच्याच. उन्हात त्याही उतरतात, तेव्हा ‘कधीच बेसूर होत नाही’ हे विक्रेत्याचं बोलणं सोडून द्या.

आता दोन्हींवर एकच कॉर्ड झपाझप वाजवा. इथे माझा कौल लाकडाला. वरचे सगळे स्वर एकदम अंगावर आले की कान थकतो. बोटांनी एकेक तार वेगळी वाजवताना मात्र कार्बनवर खर्ज आणि चाल एकमेकांत मिसळत नाहीत. तिथे मी तीच उचलीन.

शेवटी एक अदलाबदल करा. कार्बनवर जुन्या, मळलेल्या तारा चढवा, लाकडीवर कोऱ्या. पुन्हा डोळे मिटा आणि दुसऱ्याला छेडायला सांगा. कुठली कोणती, ते आस सरेपर्यंत बोलू नका.