श्रवणाचे प्रामाण्य आणि विजेची तार

घरातील उंची ध्वनिसंचाला भिंतीवरच्या सॉकेटपासून वीज पुरवणारी दीड-दोन मीटरची तार बदलली की संगीत अधिक स्वच्छ ऐकू येते, असे अनेक चोखंदळ श्रोते ठामपणे सांगतात, आणि अशी तार काही शे रुपयांपासून काही लाख रुपयांपर्यंत विकली जाते. हा वाद विद्युतशास्त्राचा वाटत असला, तरी भारतीय दर्शनांनी ज्याला प्रामाण्यवाद म्हटले तो प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा यथार्थपणा. तो ज्ञानाबरोबरच आपोआप कळतो, की त्याची खात्री बाहेरून करून घ्यावी लागते, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके भांडत आले.

कुमारिल भट्टांसारखे मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात. त्यांच्या मते उत्पन्न झालेले ज्ञान खरेच धरावे लागते आणि बाधक, म्हणजे त्याला खोटे ठरवणारे दुसरे ज्ञान, पुढे आले तरच ते सोडावे लागते. कारण प्रत्येक ज्ञानाच्या सिद्धतेसाठी दुसरे ज्ञान मागितले तर त्या मागणीला अंतच राहणार नाही. ‘फरक ऐकू आला’ म्हणणाऱ्या श्रोत्याची बाजू या मताने बळकट होते, आणि ती हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल, कारण माणसाचा रोजचा व्यवहार अशाच विश्वासावर चालतो. नैयायिक मात्र परतःप्रामाण्य मानतात: ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली, म्हणजेच त्यांच्या भाषेत प्रवृत्तिसामर्थ्य दिसले, तर ते ज्ञान यथार्थ होते असे अनुमानाने ठरते. सरसकट सगळ्याच ज्ञानावर संशय घ्यावा असे तेही म्हणत नाहीत. संशयाला जेथे कारण आहे तेथेच पडताळा हवा, एवढेच त्यांचे मागणे आहे.

येथे एक भेद निर्णायक ठरतो. न्यायमतानुसार कान हे कर्णविवराने मर्यादित झालेले आकाश असून शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण आहे, म्हणून कानाला प्रत्यक्ष होतो तो केवळ ध्वनी. तार कानाला कधीच प्रत्यक्ष होत नाही. ध्वनी बदलल्याचे जाणवणे हे प्रत्यक्ष मानले, तरी तो तारेमुळे बदलला हे अनुमान आहे, आणि अनुमानाला व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचे अव्यभिचारी साहचर्य, लागते. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ हे अनुमान फसते, कारण धुराला ओले सरपणही लागते. अशा आड राहिलेल्या अटीला उपाधी म्हणतात. तार बदलण्याच्या अनुभवात अशा उपाधी अनेक असतात: जुना प्लग काढून पुन्हा बसवताना संपर्कबिंदूंवरचा गंज घासला जातो, दुसऱ्या वेळी आवाज किंचित मोठा ठेवला जातो, श्रोता अधिक लक्ष देऊन ऐकतो, आणि तारेची किंमत त्याला ठाऊक असते. अनुमानाला प्रत्यक्षाचा मान दिला गेला, ही या वादातील खरी चूक आहे.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत या चुकीचा विचार अधिक काळजीपूर्वक करावा लागतो, कारण विजेवरचा संशय तेथे निराधार नाही. वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाशी 16 मेगावॉटचे आणि पानशेत व वरसगाव धरणांशी प्रत्येकी 8 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. पण तेथे निर्माण होणारी वीज 50 हर्ट्झच्या सामाईक जाळ्यात मिसळते, त्यामुळे भोरच्या रहिवाशाला आपल्या घरातील वीज भाटघरचीच आहे असे म्हणता येत नाही. धरण जवळ असले म्हणून वीज चांगली मिळते असेही नाही. तोरणा आणि राजगड या किल्ल्यांच्या परिसरातील वाड्या-वस्त्यांपर्यंत लांबलचक वाहिन्या गेलेल्या असतात, पावसाळ्यात त्यांवर फांद्या पडतात, जोड सैल होतात, आणि शेतीपंप सुरू झाले की दाब खाली येतो.

अशा ठिकाणी तारेचा वाटा किती, हे साध्या गणिताने पाहता येते. दीड चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 12 मिलिओहम असतो. दीड मीटरच्या तारेत जाणारा-येणारा मार्ग धरून तो 36 मिलिओहम होतो, आणि एक अँपिअर प्रवाहाला 230 व्होल्टपैकी 0.036 व्होल्ट इतकीच घट होते. अडीच चौरस मिलिमीटरची जाड तार घेतली तर ही घट 0.022 व्होल्टवर येते. शिवाय अँप्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर हे भाग येणाऱ्या विजेचे रूपांतर करूनच ती पुढे देतात. कित्येक किलोमीटर साध्या तारेतून आलेल्या विजेवर शेवटच्या दीड मीटरचा काय परिणाम होणार, हा नेहमीचा युक्तिवाद मात्र कच्चा आहे, कारण रेडिओ-लहरींचा उपद्रव त्या शेवटच्या भागातही शिरू शकतो आणि आवरणयुक्त तार तो काही अंशी रोखू शकते. पण तो परिणाम मापकाने मोजता येतो, म्हणजे तो पडताळ्याच्या कक्षेतच येतो.

2004 मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ध्वनिरसिकांनी सुमारे अडीच हजार डॉलरची वीजतार आणि साधी तार यांची तुलना कोणती जोडली आहे हे न कळू देता केली, तेव्हा 149 उत्तरांपैकी 73 बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून येतील तितकीच. हा बाधक प्रबळ आहे, तरी त्याची मर्यादाही दर्शनांनीच सांगून ठेवली आहे: न दिसण्यावरून अभाव सिद्ध होण्यासाठी ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती लागते आणि तिला योग्यानुपलब्धी म्हणतात. त्या संचावर, त्या श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही, एवढेच त्या प्रयोगातून निघते; मात्र जो फरक असल्याचे सांगतो त्याच्यावर पुराव्याचा भार त्यामुळे निश्चित येऊन पडतो.

यापलीकडे रसाचा प्रश्न उरतो आणि तो अधिक गंभीर आहे. रससिद्धान्ताचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी रसास्वादाची सात विघ्ने सांगितली. त्यांत प्रतीतीच्या साधनांची विकलता हे एक आहे, आणि स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे हे दुसरे. सदोष अर्थिंगमुळे स्पीकरमधून येणारी घरघर हे पहिले विघ्न असून ते दूर करणे रसिकाचे कर्तव्यच आहे. परंतु प्रत्येक आलापीत आपल्या खरेदीचे समर्थन शोधणारा श्रोता दुसऱ्या विघ्नात सापडतो, आणि ते कोणत्याही तारेने दूर होत नाही. साधना म्हणून संगीत ऐकणाऱ्याची यात होणारी हानी पैशाच्या हानीपेक्षा मोठी आहे.

म्हणून या दोन तालुक्यांतील ज्या श्रोत्याला आपल्या संचात घरघर किंवा अस्वच्छता जाणवते, त्याने प्रथम परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग, न्यूट्रलचा जोड आणि सॉकेट तपासून घ्यावे. त्यानंतरही महागडी तार घ्यावीशी वाटली, तर पैसे देण्याआधी घरातील कोणाला तरी संच बंद करून, कोणती तार जोडली ते न सांगता, अनेकदा अदलाबदल करायला लावावी आणि मगच निर्णय घ्यावा.