देणारा वर, मागणारा वर

(शास्त्रपाठ: योहान २:१-११, इफिसकरांस पत्र ५:२५-३३)



पास्काचा सण झाला की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. रविवारच्या मिस्सेत विवाहाच्या घोषणा वाचल्या जातात. वधूवरांची नावे, आईवडिलांची नावे, गाव, धर्मग्राम. या विवाहाला काही अडथळा ठाऊक असल्यास धर्मगुरूंना कळवावे, असेही सांगितले जाते. आपण ते ऐकतो आणि आनंदाने घरी जातो. पण सोयरीक ठरली त्या बैठकीत कोणती यादी झाली, किती तोळे ठरले, हे त्या घोषणेत नसते. चर्चमध्ये कधीच न वाचल्या जाणाऱ्या त्या यादीविषयी आज आपण बोलू या.

हुंडा हा शब्द आता सहसा कोणी उच्चारत नाही. "आमची काही मागणी नाही, तुमच्या मुलीला काय द्यायचे ते हौसेने द्या," असे म्हटले जाते. मग हळूहळू मानपान येतो, पोशाख येतो, नवरदेवाची अंगठी येते, मोटारसायकल येते, कपाट आणि संसाराची भांडी येतात. वर लग्नही मुलीच्या बापानेच करून द्यायचे. नोकरीवाल्या मुलाचा आकडा वेगळा, शेतीवाल्याचा वेगळा. आपण ख्रिस्ती, आपल्यात हुंडा नाही, असे आपण सांगतो. शब्द गेला हे खरे. पण वस्तू घरात येतच आहेत.

याची किंमत कोण मोजते? शेजारच्या लातूर जिल्ह्यातील भिसे वाघोली या गावाचे नाव आपल्याला आठवत असेल. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या अठरा वर्षांच्या एका मुलीने आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याच गावातल्या एकवीस वर्षांच्या दुसऱ्या मुलीने आपले जीवन संपवले. दुसरीने चिठ्ठी लिहून ठेवली होती. सतत पिके बुडाल्याने घरची परिस्थिती हलाखीची झाली आहे, देण्याघेण्याला पैसे नसल्याने आपले लग्न रखडले आहे आणि वडिलांवरचे ओझे कमी व्हावे म्हणून आपण जात आहोत, असा तिचा आशय होता. त्याच काळात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. विहिरी आटल्या, बोअर आटले, पण लग्नाच्या बैठकीतला आकडा मात्र आटला नाही. लेक स्वतःला बापावरचे ओझे समजू लागली, हे हुंड्याचे सर्वांत मोठे पाप आहे. या दोन्ही मुलींसाठी आपण देवाच्या दयेची याचना करू या. आणि आपल्या घरातल्या प्रत्येक मुलीला आज स्पष्ट सांगू या: बाळ, तू ओझे नाहीस, तू देवाने दिलेले दान आहेस.

धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतल्या ऊसतोड कुटुंबांची गोष्ट तर आपल्या डोळ्यांसमोरची आहे. मुलीच्या लग्नासाठी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला हंगामामागून हंगाम ऊस तोडायचा. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडी झाली तर उचल मिळते, आणि मुलगी लहान असेल तर हुंडाही कमी पडतो. मग चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची शाळा सुटते आणि तिच्या हाती कोयता येतो. कायद्याने मुलीचे लग्न अठराच्या आत करता येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कर्ज आणि हुंडा मिळून कायद्यालाही वाकवतात. आणि जिथे मुलगी म्हणजे खर्च, तिथे तिचा जन्मही नकोसा होतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. यामागे हुंडा हे एकच कारण नाही. पण हे कारण मोठे आहे.

आता शास्त्राकडे वळू या. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला. आपल्याकडे असे झाले असते तर काय झाले असते? कोणी रुसले असते, कोणी वऱ्हाड परत नेण्याची भाषा केली असती. पण पवित्र मारियेने त्या घराची उणीव पाहिली आणि ती चारचौघांत न बोलता आपल्या पुत्राला सांगितली. येशूने पाण्याचे सहा रांजण भरायला सांगितले आणि त्या घराची लाज राखली. लग्नघरातली उणीव ही बोट दाखवण्यासाठी नसते, ती भरून काढण्यासाठी असते, हे त्या दिवशी आपल्या प्रभूने शिकवले. ज्या विवाहात आपण येशूला आणि त्याच्या मातेला पाहुणे म्हणून बोलावतो, त्या विवाहात मुलीच्या बापाची उणीव काढायला आपली जीभ कशी वळते?

संत पौल पतींना सांगतात की ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर प्रीती केली तशी त्यांनी आपल्या पत्नीवर करावी. ख्रिस्ताने काय केले? त्याने वधूकडून काही मागितले नाही. तिच्यासाठी त्याने स्वतःला देऊन टाकले. ख्रिस्त हा देणारा वर आहे. वेदीपुढे उभा राहणारा प्रत्येक ख्रिस्ती नवरदेव त्याची खूण असतो. तोच मागणारा झाला तर ती खूणच उलटी होते. संत योसेफाकडे पाहा. मारियेची बेअब्रू होऊ नये एवढीच त्याची चिंता होती. त्याने काही घेतले नाही. तिला आणि तिच्या बाळाला आपल्या घरात आणि आपल्या नावात जागा दिली.

काही जण म्हणतात, "हुंडा म्हणजे मुलीचा वाटाच आहे, ती इस्टेटीत कुठे मागते?" हे नीट समजून घेऊ या. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांना सारखाच हिस्सा मिळतो. केरळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती कुटुंबांना १९१६ चा वेगळा कायदा लावला जात होता. त्यात मुलीला मुलाच्या हिश्शाच्या चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळत असे. मेरी रॉय या ख्रिस्ती भगिनीने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ साली न्याय मिळवला. वाटा मुलीच्या नावावर होतो आणि तिच्याजवळ राहतो. हुंडा मात्र दुसऱ्याच्या हातात जातो आणि बहुधा मांडवातच संपतो. मुलीला द्यायचेच असेल तर तिला शिक्षण द्या, तिच्या नावावर जमीन करा, बँकेत तिचे खाते उघडा.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे. हुंडा घेणे आणि देणे हे दोन्ही गुन्हे आहेत; त्यासाठी साधारणपणे किमान पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. नुसती मागणी करणे हाही गुन्हाच आहे. तरीही देशात दरवर्षी सहा हजारांच्या आसपास हुंडाबळींची नोंद होते. कायदा घराच्या दारापर्यंत येतो. बैठकीच्या खोलीत मात्र आपला विवेकच असतो.

म्हणून या लग्नसराईत आपण काही गोष्टी ठरवू या. मुलाच्या आईवडिलांनी पहिल्याच भेटीत सांगावे की आम्हाला काही नको, आणि हौसेच्या नावानेही नको. तरुणांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगावे, "घरचे ठरवतात, मी काय बोलू?" हे उत्तर चालणार नाही. विवाहविधीत धर्मगुरू वधूवरांना विचारतात की ते स्वखुशीने आले आहेत ना. ज्याची संमती आकड्यावर अडलेली असते, त्याने त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? मुलीच्या आईवडिलांनी कर्ज काढून मोठेपणा करू नये. आणि आपण पाहुण्यांनी जेवणात काय होते, नवरीला काय घातले, याची चर्चा सोडावी. ती चर्चाच पुढच्या बापाला सावकाराकडे पाठवते.

साधे लग्न ही काही नवी गोष्ट नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पहिला विवाह लावला तो २५ डिसेंबर १८७३ रोजी, नेमका नाताळच्या दिवशी, अगदी थोड्या खर्चात. दीडशे वर्षांपूर्वी ते जमले, तर आज आपल्याला का जमू नये? पवित्र मिस्सा, आप्तांचा आशीर्वाद आणि एक साधे गोड जेवण एवढ्यात ख्रिस्ती विवाह पूर्ण होतो.

आपल्यापैकी कोणत्या लेकीला किंवा सुनेला पैशासाठी त्रास होत असेल तर तिने गप्प बसू नये. धर्मगुरूंना, धर्मभगिनींना सांगावे. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. मन खचले असेल तर १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. तिच्या माहेरच्यांनीही "दिल्या घरी सुखी राहा" म्हणून तिला परत पाठवू नये. माहेरचे दार तिच्यासाठी उघडे असावे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, काना गावच्या घराची लाज तू राखलीस. आमच्या गावातल्या प्रत्येक लग्नघरात तू ये. आमच्या मुलांना देणारे हात दे, आमच्या मुलींना निर्भय मन दे आणि आमच्या बैठकांतली ती यादी फाडून टाकण्याचे धैर्य आम्हा सर्वांना दे. आमेन.