लहानांनी लहानांना शिकवावे काय?



जूनपासून आपल्या धर्मग्रामातील नववी ते अकरावीची काही मुले-मुली रविवारच्या धर्मशिक्षणानंतर सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन बसतात, हे आपण पाहिले असेल. राग आला की काय करावे, मित्राने सिगारेट पुढे केली तर नाही कसे म्हणावे, परीक्षेची भीती कोणाला सांगावी, मोबाइलवर कोणी नको ते फोटो मागितले तर काय करावे, अशा विषयांवर ती बोलतात, छोटी नाटुकली बसवतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. निर्णय घेणे, स्वतःला ओळखणे, दुसऱ्याचे दुःख समजणे, ताण सोसणे ही त्यांतलीच. शाळांतून ती शिकवली जातात, पण आपल्याकडे ती मोठी मुले लहानांना शिकवतात.

एका रविवारी मिस्सानंतर एका वडिलांनी आम्हाला आवारातच गाठले. म्हणाले, “फादर, ज्यांना स्वतःच्या चपला जागेवर ठेवता येत नाहीत, ती माझ्या मुलाला जगायला काय शिकवणार?” आम्ही हसलो, पण उत्तर दिले नाही. प्रश्न खरा होता, आणि फार जुनाही होता. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की तरुण मुलगा भूमितीत निष्णात होऊ शकतो, पण शहाणपणात नाही. कारण शहाणपण अनुभवातून येते आणि अनुभवाला वर्षे लागतात. त्या वडिलांनी ॲरिस्टॉटल वाचला नसेल, पण ते बोलले नेमके तेच. प्रभू येशूनेही आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्याचा धोका सांगितला आहे. दोघेही खड्ड्यात पडतात.

तरीही आम्हाला संत ऑगस्टीन आठवतो. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांच्या टोळीबरोबर रात्री शेजारचे पेअरचे झाड झोडपले. घरी त्याहून चांगली फळे होती, भूकही नव्हती. पुढे अनेक वर्षांनी आत्मचरित्रात तो स्वतःला विचारतो की असे का केले, आणि कबूल करतो की एकटा असतो तर केले नसते. मुले एकमेकांना शिकवतात की नाही, हा प्रश्न म्हणूनच उरत नाही. ती रोज शिकवतात, मैदानावर, शिकवणीच्या जिन्यात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. पहिली सिगारेट मुलाला बहुधा त्याच्याच वयाचा कोणीतरी देतो. ही शाळा आपली परवानगी न घेता केव्हाच सुरू झाली आहे.

याच ऑगस्टीनने इ.स. ३८९च्या सुमारास ‘गुरू’ या विषयावर एक संवाद लिहिला. त्यात त्याच्याशी बोलणारा आहे त्याचा मुलगा आदेओदातुस, वय वर्षे सोळा. मुलाच्या तोंडी घातलेले विचार खरोखर त्या मुलाचेच होते, असे बापाने नंतर देवाला साक्ष ठेवून लिहिले. त्या संवादाचा निष्कर्ष असा, की कोणीही माणूस दुसऱ्याच्या मनात सत्य ओतू शकत नाही. गुरू बाहेरून बोलतो. आत शिकवणारा ख्रिस्त. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यात भर घातली. वैद्य औषध देतो, पण बरे करते ते शरीराचे आतले बळ, शिक्षकाचेही तसेच. हे खरे मानले, तर शिकवणाऱ्याचे वय ही आपण समजतो तेवढी मोठी अडचण राहत नाही.

मग त्याच्यापाशी असायला काय हवे? आमचे मत असे, की त्याने पोहोचल्याचा आव आणू नये. गेल्या महिन्यात दहावीच्या एका मुलाने लहानांना सांगितले की आठवीत आपण कॉपी केली, पकडले गेलो नाही, तरी दोन रात्री झोप लागली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बाबांना सांगितले. बाबा काय म्हणाले, हे त्याला तीन मुलांनी तीनदा विचारले. आमच्या प्रवचनाला इतकी शांतता कधी लाभलेली नाही! प्रामाणिकपणावर आम्ही त्याच्यापेक्षा पुष्कळ अधिक सांगू शकतो. पण आम्ही आठवीत होतो तो काळ त्या मुलांच्या दृष्टीने इतिहासात जमा झाला आहे. तो मुलगा त्यांच्यापुढे फक्त तीन पावले आहे, आणि तीन पावले पुढे असलेला माणूस दिसतो.

ख्रिस्तसभेला हे नवीन नाही. १८५६ साली तुरीनमध्ये संत डॉन बॉस्कोच्या वसतिगृहात डॉमिनिक साव्हियो या चौदा वर्षांच्या मुलाने सोबत्यांचा एक संघ काढला. त्यातील मुले खोडकर, एकाकी, नव्याने आलेल्या मुलांना वाटून घेत आणि त्यांना जीव लावत. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली कामगारांमधले पहिले प्रेषित कामगारच असावेत असे लिहिले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तरुणांविषयी तेच सांगितले.

परंतु त्या वडिलांच्या प्रश्नात त्यांनाही न दिसलेली एक गोष्ट होती, आणि ती आम्हाला उशिरा कळली. पुढचा प्रसंग संबंधितांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा रीतीने लिहीत आहोत. तो पापनिवेदनात सांगितलेला नाही.

आमच्या गटातील एका मुलीजवळ एका लहान मुलीने मन मोकळे केले. काय सांगितले ते येथे लिहीत नाही. मोठ्या माणसालाही ते पेलणे कठीण होते. ‘कोणाला सांगणार नाहीस ना? येशूची शपथ?’ असे विचारले आणि हिने शपथ घेतली. तीन आठवडे ती गप्प राहिली. जेवण कमी झाले, चिडचिड वाढली. घरच्यांना वाटले दहावीचा ताण. शेवटी ती आमच्याकडे आली आणि पहिले वाक्य म्हणाली, “फादर, मी पाप करायला आले आहे.”

चूक तिची नव्हती, आमचीच होती. मे महिन्याच्या शिबिरात आम्हीच या मुलांना शिकवले होते की चांगला नेता विश्वास राखतो, ऐकलेले बाहेर नेत नाही. त्याची मर्यादा कोठे संपते हे सांगायचे राहून गेले. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाकडून हे राहावे, याची खंत वाटते. संत थॉमस यांनी स्पष्ट लिहिले आहे की एखाद्याचे गंभीर नुकसान होणार असेल, तर ते उघड करण्याचे कर्तव्य गुप्ततेच्या वचनाने रद्द होत नाही. पापनिवेदनाचे मौन वेगळे आहे. ते फक्त धर्मगुरूला बांधते, पंधरा वर्षांच्या मुलीला नाही. आपला कायदाही हेच जाणतो. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२चा पॉक्सो कायदा गुन्ह्याची खबर न देणाऱ्या मोठ्यांना शिक्षा सांगतो, पण खबर न देणारे स्वतःच बालक असेल तर त्याला त्यातून वगळतो. ते ओझे मोठ्यांनी वाहायचे आहे.

लहानांनी लहानांना शिकवावे, असे आम्ही आजही म्हणतो. मात्र मुले शिकवू लागली म्हणून आपण मोकळे झालो, असे मानणे हा आळस आहे, आणि आम्हीही थोडे तसेच मानले होते. आता गटातील प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करायला सांगतो: “तुझे गुपित मी ठेवीन, पण तुला कोणी इजा करत असेल किंवा तूच स्वतःला इजा करणार असशील, तर आपण दोघे मिळून मोठ्यांना सांगू.” हे ऐकल्यावर काही मुले मन मोकळे करणार नाहीत, याची आम्हाला जाणीव आहे. ती किंमत आम्ही मोजली आहे. तरी बरोबर केले का, असा प्रश्न कधी कधी रात्री पडतो.

या रविवारपासून वर्गाच्या वेळी दोन प्रौढ, एक स्त्री व एक पुरुष, शेजारच्या खोलीत बसतील. ते वर्गात डोकावणार नाहीत. कोणी दार ठोठावले तर ऐकून घेतील. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक दारावर लावला आहे. पहिल्या महिन्यासाठी ज्यांनी नाव दिले, त्यांत चपलांची तक्रार करणारे ते वडीलही आहेत. ऑगस्टपासून पुढे कोणी नाव दिलेले नाही. फलकाजवळ वही ठेवली आहे.