कण्हणे म्हणजे बेसब्री नव्हे



काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या बयानात सब्राचा अर्थ सांगताना मी म्हणालो होतो की, ज्याच्या दुःखाची चाहूल शेजारच्या खोलीलाही लागत नाही, तोच खरा साबिर. वाक्य कानाला गोड होते, लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात इशाच्या नमाजनंतर एक तरुण मागे थांबला. त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार आहे. तो म्हणाला, "मौलाना, रात्री पाय लाकडासारखे ताठ होतात, पोटऱ्यांत गोळे येतात. तुमचे बयान ऐकल्यापासून मी तोंडावर उशी दाबून धरतो, अम्मीला आवाज जाऊ नये म्हणून. तरी कधी कधी आह निघतेच. माझा सब्र वाया गेला का?"

त्या रात्री मलाही झोप लागली नाही. हा लेख म्हणजे त्या बयानाची दुरुस्ती आहे.

आधी आजार समजून घेऊ. विजेच्या तारेवर असते तसे एक वेष्टन आपल्या मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतातंतूंवर असते. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती त्या वेष्टनावरच उलटते. मग मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही आणि सैल पडायचे स्नायू आखडून राहतात. अंथरुणाला पाठ टेकली की हे आखडणे आणि झटके अनेकांना अधिक जाणवतात. त्यात लघवीची घाई रात्रीतून दोन-तीन वेळा उठवते. सकाळ उजाडते ती थकवा घेऊनच. बाहेरून मात्र माणूस धडधाकट दिसतो, आणि म्हणून घरातलेच कोणी सहज बोलून जाते, "आळस आहे, दुसरे काय!"

आता सब्राकडे वळू. हजरत अय्यूब (अ.) यांचा सब्र आपण उदाहरण म्हणून सांगतो. परंतु सूरह अंबियामध्ये तेच अय्यूब (अ.) आपल्या रबला हाक मारून सांगतात की, मला त्रास जडला आहे आणि तू सर्वाधिक दयाळू आहेस. त्यांनी वेदना लपवली नाही; आणि सूरह सॉदमध्ये अल्लाह त्यांना साबिर म्हणूनच गौरवितो. हजरत याकूब (अ.) यांनीही आपल्या दुःखाचे गाऱ्हाणे अल्लाहपुढेच मांडले. अल्लाहकडे तक्रार करणे वेगळे आणि अल्लाहची तक्रार करणे वेगळे. मी बयानात हा फरक पुसून टाकला होता.

याहून जवळचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. एकदा हजरत आयशा (रजि.) यांचे डोके दुखत होते आणि त्या कण्हल्या. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना गप्प केले नाही, उलट आपलेही डोके दुखत असल्याचे बोलून दाखवले. ही हदीस इमाम बुखारी (रह.) यांनी रुग्णांविषयीच्या भागात घेतली आहे, आणि रुग्णाने "मला दुखते आहे" असे म्हणण्यास मुभा आहे, या अर्थाचे शीर्षकच त्या प्रकरणाला दिले आहे. मदरशात मी हे प्रकरण शिकलो होतो. बयानाच्या दिवशी ते आठवले नाही, ही माझी चूक.

त्या तरुणाने आणखी एक गोष्ट सांगितली. एका नातेवाइकाने त्याला सल्ला दिला होता की, गोळ्या सोड आणि केवळ दुआवर विसंबून राहा. बंधूंनो, हा तवक्कुल नव्हे. औषधोपचार करा, असा आदेश खुद्द पैगंबर (स.) यांनी दिला आहे. स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी डॉक्टर बॅक्लोफेनसारखी औषधे देतात. ती मनाने एकाएकी थांबवली तर झटके अधिक तीव्र होऊ शकतात आणि जिवावरही बेतू शकते. झोपण्यापूर्वी हलके ताण देण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. एरवीपेक्षा आखडणे अचानक वाढले, तर मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आणि हो, दुखऱ्या जागेवर हात ठेवून बिस्मिल्लाह म्हणण्याची व अल्लाहचा आश्रय मागण्याची दुआ सहीह मुस्लिममध्ये आहे, तीही करावी. एका हातात गोळी आणि दुसरा हात पोटरीवर, यात विसंगती काहीच नाही.

झोपेचेही तसेच आहे. रात्रभर नमाजसाठी उभे राहणारे हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना पैगंबर (स.) यांनी आठवण करून दिली होती की, शरीराचा आणि डोळ्यांचाही तुमच्यावर हक्क आहे. निरोगी माणसाच्या डोळ्यांचा हक्क असेल, तर पहाटे तीनला कसाबसा डोळा लागलेल्या रुग्णाचा किती असेल! फज्रसाठी गजर लावावा, घरच्यांना उठवायला सांगावे. तरीही जाग आली नाही, तर उठताच नमाज अदा करावी. झोपेत असलेल्यावर गुन्हा नाही. उभे राहवत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढण्याची मुभा हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मिळाली होती, आणि त्यांची व्याधी तर मूळव्याधीची होती. निरोगी असताना जी इबादत माणूस करीत असे, तिचे पुण्य आजारपणातही त्याच्या नावे लिहिले जाते, असेही हदीसमध्ये आहे. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा बदलायच्या की रोजे पुढे ढकलायचे, हे मात्र डॉक्टर आणि आलिम या दोघांना विचारूनच ठरवावे.

मी त्या तरुणासोबत त्याच्या घरी गेलो. अम्मींना सगळे सांगितले, माझे वाक्यही सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलाकडे पाहून म्हणाल्या, "मला रोज ऐकू येत होते रे. तुला लाज वाटेल म्हणून मी उठत नव्हते."

आता त्या उठतात, पाय चोळून देतात. मशिदीत शेवटच्या सफीच्या टोकाला त्याच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. "एवढ्या तरुण वयात खुर्ची?" असे कोणी त्याला विचारू नये, ही माझी जमातीला विनंती आहे. विचारायचेच असेल तर रात्र कशी गेली, ते विचारा.

आज रात्री ज्यांचे पाय आखडतील त्यांना अल्लाह शिफा देवो, आणि त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांना बळ देवो. आमीन.