नकार पचवताना: समत्व की पळवाट?

आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी एखाद्या यादीत आपले नाव शोधले आहे आणि ते तिथे सापडलेले नाही. अशा वेळी साधक म्हणून आपल्याजवळ दोन वाक्ये तयार असतात. एक, 'देवाची इच्छा'. दुसरे, 'जे होते ते चांगल्यासाठीच'. ही वाक्ये खोटी नाहीत. पण ती आपण कशासाठी उच्चारतो? दुःखाला सामोरे जाण्यासाठी की त्याच्याकडे पाठ फिरवण्यासाठी? गेल्या वर्षी माझ्यावर हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ आली.

मी इंदूरला राहते आणि बी.कॉम. करते. लहानपणापासून गाणे शिकते आहे आणि दर रविवारी केंद्रातील सत्संगात भजन म्हणते. गेल्या वर्षी एका महाविद्यालयाच्या सायंकाळच्या संगीत अभ्यासक्रमासाठी मी ऑडिशन दिली. परीक्षकांनी यमन गायला सांगितला. मी विलंबित एकतालात बंदिश सुरू केली. एकतालाच्या मात्रा बारा. लय संथ असली की एका आवर्तनाला पाऊण मिनिट सहज लागते. एवढा वेळ स्वरात रमून पुन्हा नेमके समेवर यायचे असते. घरी मी मोबाईलवरच्या तबल्याबरोबर रियाज करत असे. तिथे पडद्यावर मात्रेचा आकडा दिसतो, त्यामुळे डोळ्यांनी मोजायची सवय लागली होती. त्या दिवशी समोर तबलजी होते, आकडे नव्हते. दोनदा सम हुकली. त्यानंतर घाबरून मी आलाप आखडतेच घेतले. आठवड्याने यादी लागली, त्यात माझे नाव नव्हते.

घरी मी शांतपणे सांगितले, "देवाची इच्छा." मैत्रिणींना सांगितले, "तसंही मला तिकडे जायचंच नव्हतं, कॉमर्सचा अभ्यास काय कमी आहे?" आणि रविवारी सत्संगात सांगितले, "गळा बसलाय, आज नको." असे तीन रविवार गेले. गळा बसला नव्हता. पण सगळे कौतुकाने म्हणत होते, "किती समंजसपणे घेतलंस! साधनेचा परिणाम दिसतो." त्या कौतुकाने माझीही समजूत पटली की मी नकार पचवला आहे.

चौथ्या रविवारी पेटी वाजवणारे काका म्हणाले, "गळा बसलाय ना बेटा? मग टाळ घे. टाळाला गळा लागत नाही." नाही म्हणायला कारण उरले नाही. मी टाळ घेऊन मागच्या रांगेत बसले. भजन सुरू झाले आणि मनात एकच विचार येऊ लागला. मी खरोखर सम असेन, तर ज्या लोकांसमोर इतकी वर्षे गायले त्यांच्यासमोर आज का गाऊ शकत नाही? उत्तर लपवण्यासारखे नव्हते. 'निवड न झालेली मुलगी' म्हणून मला त्यांच्यासमोर बसायचे नव्हते. इतके दिवस मी भजन देवासाठी म्हणते असे मानत होते. त्यातला किती भाग देवासाठी होता आणि किती माझ्या नावासाठी, हे त्या यादीने मला दाखवले.

पुढे काही दिवसांनी आपल्या संकेतस्थळासाठी कर्मयोगावरील एका प्रवचनाचे भाषांतर माझ्याकडे आले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७ वा श्लोक आपणा सर्वांना माहीत आहे. आपला अधिकार कर्मावर, फळावर नाही, एवढा भाग लहान मुलेही सांगतात. भाषांतर करताना मात्र शब्द गाळून चालत नाही. तेव्हा प्रथमच श्लोकाच्या शेवटच्या चरणाजवळ मी थांबले. तिथे भगवान अर्जुनाला सांगतात की कर्म न करण्यातही तुझी आसक्ती नसावी. मी फळाची आसक्ती सोडली, असे समजत होते. प्रत्यक्षात फळ मिळाले नाही म्हणून मी कर्मच सोडले होते आणि त्याला वैराग्य म्हणत होते. फळावरची आसक्ती गेली नव्हती. ती फक्त रुसून बसली होती.

कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. त्या कोल्ह्याला कोणी विरक्त म्हणत नाही. पण तोच कोल्हा 'देवाची इच्छा' म्हणाला असता, तर कदाचित आपण फसलो असतो.

आमच्या विषयातले एक उदाहरण देते. हिशेबाचा ट्रायल बॅलन्स जुळला नाही, तर राहिलेला फरक तात्पुरता 'सस्पेन्स अकाउंट'मध्ये टाकतात. त्याने दोन्ही बाजू जुळतात, पण चूक सुटत नाही. नंतर वह्या तपासून चूक शोधावी लागते, नोंद दुरुस्त करावी लागते, तेव्हा कुठे ते खाते बंद होते. मी देवाच्या इच्छेचे असेच एक खाते उघडले होते. न जुळलेले सगळे त्यात टाकले आणि वह्या मिटून ठेवल्या. ईश्वराची इच्छा मानणे ही फार मोठी गोष्ट आहे. तिचा उपयोग आपण आपली चूक झाकायला करावा, हे तिच्या मोठेपणाला शोभत नाही.

मग मी माझ्या गाण्याच्या बाईंकडे गेले. यादी लागल्यापासून त्यांनाही टाळत होते. त्यांच्यासमोर मात्र रडू आवरले नाही. त्यांनी रडू दिले आणि मग विचारले, "सम कुठे गेली, ते आठवतंय?" मी सांगितले. "मग एवढंच घेऊन बस," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मोबाईल बाजूला ठेवून हातावर ताल धरून रियाज सुरू झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. रडणे म्हणजे समत्वाचा अभाव नव्हे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. अर्जुनाने विषाद लपवला नाही, तो भगवंतासमोर मांडला, म्हणून पुढचा उपदेश होऊ शकला. 'मला काही वाटत नाही' असे सांगून तो रथात बसून राहिला असता तर? ज्याला दुःख झाले आहे त्याने ते योग्य माणसाजवळ बोलावे. तिथूनच सुरुवात होते.

दुसरीही एक बाजू आहे. परीक्षक माणसेच असतात, त्यांचा निर्णय चुकूही शकतो. कधी अन्यायही होतो, आणि तसे असेल तर ते बोलावे. पण त्याआधी आपली वही एकदा तपासलेली असावी. शिवाय निर्णय बरोबर असला, तरी तो त्या दहा-बारा मिनिटांच्या गाण्याविषयी असतो. आपण कोण आहोत, हे ठरवण्याचा अधिकार त्या यादीला आपणच देतो.

आता सर्वांत अवघड भाग. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मैत्रिणीची निवड झाली होती. मी तिला अभिनंदनाचा संदेश पाठवला, हात जोडलेल्या चित्रासह, पण फोन केला नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादाच्या ३३ व्या सूत्रात मन प्रसन्न राहावे म्हणून चार भाव सांगितले आहेत: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. मुदिता म्हणजे दुसऱ्याचे चांगले पाहून होणारा आनंद. दुःखी माणसाविषयी करुणा वाटणे त्या मानाने सोपे असते. जे आपल्याला हवे होते तेच दुसऱ्याला मिळाल्यावर आनंद होणे कठीण. मी तिला फोन केला तेव्हा आनंद झाला होता असे म्हणणार नाही. पण तिचा पहिला आठवडा कसा गेला, हे ऐकता ऐकता माझे मन थोडे मोकळे झाले. भाव आधी येतो आणि मग कृती होते, असे दर वेळी नसते. कधी आपण कृती करावी आणि भावाची वाट पाहावी.

इंदूरहून देवास तासाभराच्या अंतरावर आहे. पंडित कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास क्षयाने आजारी असताना तिथे राहायला आले. लहान वयातच नाव झालेल्या या गायकाला डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले होते. आजारपणाच्या त्या वर्षांत ते अंथरुणावरून माळव्याची लोकगीते ऐकत राहिले. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले आणि त्या लोकधुनांमधून पुढे त्यांनी नवे राग बांधले. आजार आणि नकार या एकच गोष्टी नव्हेत, हे मला कळते. 'थांबा, तुम्हीही असेच मोठे व्हाल' असे सांगण्यासाठीही हे उदाहरण देत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण मोठे गायक होणार नाहीत. मी एवढेच घेते की गाता येत नव्हते तेव्हाही त्यांनी ऐकणे सोडले नाही. संगीताशी त्यांचे नाते गाण्यापुरते नव्हते. साधनेशी आपले नाते निवड होण्यापुरतेच आहे का, हे नकाराच्या दिवसांत कळते.

तेव्हा नकार मिळाल्यावर 'देवाची इच्छा' असे म्हणण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. काल जे काम मी प्रेमाने करत होतो, ते आज सुरू आहे का? माझी चूक कुठे झाली, हे मी पाहिले का? ज्याला ते मिळाले, त्याच्याशी मी मोकळेपणाने बोलू शकतो का? उत्तर 'नाही' आले तर खंत करू नये. समत्व अजून आलेले नाही, इतकेच त्यातून कळते, आणि हे कळणेही साधनेचाच भाग आहे. उत्तर 'हो' आले, तर 'देवाची इच्छा' हे शब्द निःशंक मनाने उच्चारावेत.

पाचव्या रविवारी मी काकांना खरे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "ठाऊक होतं. कुठली पट्टी देऊ?" त्या दिवशी आवाज थोडा कापला, पण भजन पूर्ण झाले.

यंदा मी पुन्हा अर्ज भरला आहे. यादी लागायची आहे. सम आता बहुतेक वेळा सापडते, कधी हुकतेही. या रविवारी सत्संगात दोन भजने माझ्याकडे आहेत, त्यांची तयारी चालू आहे.