रकान्यातला माणूस

आमच्या भिवंडीकडे कुणी जरा विचित्र वागला की आजही म्हणतात, ‘याला ठाण्याला पाठवा.’ ठाणे म्हणजे इथं कशेळीच्या पुलापलीकडचं शहर नव्हे, तर 1901 साली तिथं सुरू झालेलं मनोरुग्णालय. मानसिक आरोग्याच्या सरकारी धोरणाचा निम्मा इतिहास त्या ‘पाठवा’मध्येच आला. 1912 चा कायदा ‘वेड्यां’चा होता, माणूस बरा कसा होईल यापेक्षा त्याला ठेवायचं कुठं, याची चिंता त्यात जास्त. 1982 च्या राष्ट्रीय कार्यक्रमानं उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याची भाषा केली. जिल्हा कार्यक्रम सुरू व्हायला मात्र 1996 उजाडलं.

जीव द्यायला निघालेल्याची गोष्ट तर आरोग्य खात्याकडे नव्हतीच, ती पोलीस ठाण्यात होती. भारतीय दंड संहितेचं कलम 309 : प्रयत्न फसला तर वर्षभरापर्यंत कैद. या कलमाला पहिला मोठा धक्का बसला तो मुंबईत. अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर मानसिक आजार जडलेला एक पोलीस शिपाई. बायकोला भाजीचं दुकान टाकायला परवाना मिळावा म्हणून तो महापालिका आयुक्तांना भेटायला गेला. भेट मिळाली नाही, आणि त्यानं तिथंच जीव द्यायचा प्रयत्न केला. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि कोळसे-पाटील यांनी हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा वैध ठरवलं.

पुढं 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उलट गृहीतक धरलं : असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली आहे असं समजावं, शिक्षा करू नये. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि 309 गेलं. पण जाताना शेपूट ठेवून गेलं. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला, तर कलम 226 खाली आजही शिक्षा आहे. आयुक्तांच्या दारातला तो शिपाई आज असता, तर त्याच्यावर नेमकं हेच कलम लावायचा मोह कुणालाही झाला असता. अडतीस वर्षं फिरून आपण त्याच दारात!

आता आकडे. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या 22,746 महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. महाराष्ट्रात या विषयाला चेहरा आहे तो विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा, आणि तो असायलाच हवा. पण आत्महत्यांच्या देशाच्या व्यवसायवार तक्त्यात रोजंदारी मजुरांचा वाटा 2014 मध्ये 12 टक्के होता, तो 2022 मध्ये 26 टक्क्यांच्या पुढं गेला. यातली खरी वाढ किती आणि नोंदणीच्या पद्धतीमुळे किती, यावर वाद घालता येईल. माझा प्रश्न साधा आहे. आमच्या भिवंडीतला, यंत्रमागावर मीटरमागे मजुरी घेणारा मागवाला या तक्त्यात कुठं बसतो? तो महिन्याचा पगारदार नाही, स्वतःचा धंदा करणाराही नाही. बायकोपोरं तेलंगणात नाहीतर उत्तर प्रदेशात, जेवण बिसीत म्हणजे खानावळीत, झोप पाळीनं. कापडाचा भाव पडला की माग बंद, आणि माग बंद की मजुरी बंद. शेतीच्या कर्जाला माफीचा शब्द तरी आहे. खानावळीच्या उधारीला तोही नाही.

2022 च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणानं 2030 पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण 10 टक्क्यांनी खाली आणायचं ठरवलंय. त्याच वर्षी ‘टेलीमानस’ ही मानसिक आधाराची हेल्पलाइन सुरू झाली. 14416 हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही. चांगली सोय आहे, आणि मी ती कुत्सितपणे सांगत नाही. पण मागवाल्याला, पुढ्यात चार-चार माग धडधडत असताना, शेजारच्याशीसुद्धा खुणेनं बोलावं लागतं. साध्या मागाची एक गंमत आहे. आडवा बाणा तुटला तर माग आपोआप थांबतो. उभ्या ताण्यातला एखादा धागा तुटला तर थांबत नाही, ते कारागिरानंच नजरेनं हेरायचं. त्याच नजरेवर मजुरी. फोन करायचा तर माग थांबवून, गल्लीच्या टोकाला, जिथं आवाज जरा कमी येतो तिथवर चालत जायचं. तेवढा वेळ कापड विणलं जात नाही.